आधी पाणी, मग वडी

सात आठवडे रोज सकाळी मला फणी घासावी लागत होती. दातांच्या मुळाशी पांढरट, मेणचट थर साचायचा. नखाने खरवडला की निघायचा, पाण्याने मात्र हलायचा नाही. न्हाऊन दोन तास झाले तरी केस ओले वाटायचे, कानामागच्या बटा एकमेकींना चिकटून राहायच्या. मानेपाशी गुंता इतका घट्ट बसायचा की सोडवताना केस तुटायचे. हे सगळं मी मुकाट्याने सोसलं, कारण मला सांगण्यात आलं होतं की हे असंच व्हायचं असतं.

बाटली सोडून शाम्पूची वडी घ्यावी असं वाटण्यामागे कारण चांगलं होतं. २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिकबंदी आली, घरातल्या पातळ पिशव्या गेल्या, पण न्हाणीघरातल्या बाटल्या होत्या तिथेच राहिल्या. बाटलीतल्या शाम्पूत बहुतांश पाणीच असतं. ते प्लास्टिकमध्ये भरून ट्रकने आपल्या दारापर्यंत आणायचं, हे मला पटत नव्हतं आणि आजही पटत नाही. मुलुंडला राहणारी माझ्या बहिणीची लेक वर्षभर वडीनेच न्हात होती. तिचे केस मऊ, मोकळे. एका प्रदर्शनातून तिने माझ्यासाठी हाताने केलेल्या चार वड्या आणल्या. खोबरेल, एरंडेल, ऑलिव्हचं तेल; वेष्टणावर लिहिलं होतं, सल्फेट नाही, केमिकल नाही.

तिसऱ्या न्हाण्यालाच केस जड झाले. विकणाऱ्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, “ताई, इतक्या वर्षांचं केमिकल बाहेर पडतंय. चार आठवडे धीर धरा, केसांना सवय लागेल.” चार झाले, पाच झाले. मग टाळूवरून पापुद्रे निघायला लागले. कोंडा समजून मी लिंबू लावलं, दही लावलं, आणि वडी आणखी जोरात घासली. सातव्या आठवड्यात त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी भिंगातून पाहून एवढंच विचारलं, “तुमच्याकडे पाणी कुठलं येतं?”

आमचं घर वाघोलीला. बोअरचं पाणी आणि उन्हाळ्यात टँकर.

हा प्रश्न मला सुचायला हवा होता, याचं फार वाईट वाटलं. माझी आई लातूरकडची. आमच्या घरी राहायला आली की पहिल्याच दिवशी म्हणायची, “पाणी जड आहे गं तुमचं, डाळ शिजत नाही यात.” म्हणून आम्ही वरणाला फिल्टरचं पाणी घेतो. नळाच्या तोंडावर पांढरे क्षार जमतात, गीझरची कॉईल काढली की तिच्यावर चुन्याचं कवच असतं. शाळेच्या पुस्तकात तर या पाण्याला नावच दुष्फेन आहे, ज्यात साबणाला नीट फेस येत नाही ते. दख्खनच्या बेसॉल्ट खडकातून झिरपताना पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम उचलून आणतं. साबण त्यांना भेटला की फेस होण्याऐवजी चोथा होतो. हा चोथा पाण्यात विरघळत नाही. तोच माझ्या फणीवर होता, केसांवर होता आणि टाळूवरून पापुद्रे होऊन पडत होता. बाहेर पडणारं काही नव्हतंच; दर न्हाण्याला मी नवा थर चढवत होते. मुलुंडच्या नळाला भातसा-तानसासारख्या तलावांचं पावसाचं पाणी येतं. भाचीची वडी तिथे चालली, माझ्याकडे चालली नाही. वडी एकच, पाणी वेगळं.

वडी घेताना आधी काय पाहावं, हे मला आता आग्रहाने सांगायचं आहे. शाम्पूची वडी म्हणून दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक म्हणजे तेल आणि कॉस्टिक सोड्यापासून केलेला साबण, केसांसाठी म्हणून साच्यात ओतलेला. दुसरी खरोखरच घट्ट केलेला शाम्पू, साबण नसलेल्या फेसकांची. साबणाचा पीएच साधारण ९ ते १० असतो, टाळूचा साडेपाचच्या आसपास. अल्कधर्मी पाण्यात केसांवरचे खवले उघडतात, म्हणून केस खरखरीत होतात, गुंततात, आणि रंग लावलेला असेल तर तोही लवकर उतरतो. मऊ पाण्यात साबणाची वडी काही जणींना मानवते, हे मी भाचीच्या डोक्यावर पाहिलं आहे. जड पाण्यात तिच्या वाटेला जाऊ नका.

ओळखायचं वेष्टणावरून. सोडियम पामेट, सोडियम कोकोएट, सोडियम ऑलिव्हेट किंवा सॅपोनिफाइड ऑइल्स असं लिहिलं असेल तर तो साबण. सोडियम कोकॉइल आयसेथिओनेट पहिल्या एक-दोन नावांत असेल तर ती शाम्पूची वडी. कोकोएट आणि कोकॉइल यांत घाईत गल्लत होते, तेव्हा नाव शेवटपर्यंत वाचा. सल्फेट नाही या शब्दांवर अजिबात जाऊ नका. कुठल्याच साध्या साबणात ते फेसक नसतं, त्यामुळे त्या ओळीतून काहीच कळत नाही. शिकेकाई साबण म्हणून दुकानात मिळतो तोही साबणच, शिकेकाईचा अर्क घातलेला. आजी ज्या शेंगा उकळून न्हायची त्यांचा फेस सॅपोनिनचा, त्याचा चोथा होत नाही आणि ते पाणी किंचित आंबट असतं. म्हणून विहिरीच्या जड पाण्यातही तिचं भागत होतं.

वेष्टणावर काही लिहिलेलंच नसेल तर घरी करून पाहता येतं. मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर दोन बाटल्या घेतल्या. एकीत फिल्टरचं पाणी, दुसरीत बोअरचं. दोन्हींत वडीचा नखाएवढा कीस टाकून झाकण लावून खळखळून हलवलं. पहिलीत वर फेस आणि खाली जवळजवळ नितळ पाणी. दुसरीत फेस नावाला, पाणी ताकासारखं पांढरं, वर तरंगणारे कण. नंतर दुसऱ्या प्रकारच्या वडीचा कीस टाकून पाहिला, तर बोअरच्या पाण्यातही फेस टिकून राहिला. पाच मिनिटांचं काम. ते आधी केलं असतं तर माझे चार बोटं केस कापावे लागले नसते.

पाण्याचा आकडाही शोधा. आमच्या सोसायटीच्या ऑफिसात प्रयोगशाळेचा अहवाल फाईलला लावलेला होता, मीच कधी मागितला नव्हता. कठीणपणा ४६० निघाला. भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत तो चालतो आणि दुसरी सोय नसेल तरच ६०० पर्यंत. फिल्टरवाला खिशातल्या मीटरने जो टीडीएस दाखवतो तो वेगळा. त्यात सगळेच क्षार मोजले जातात, फक्त कॅल्शियम-मॅग्नेशियम नाही.

थर बसलाच असेल तर डोकं घासू नका. मी वडी बंद केली आणि दोन वेळा बाटलीतला शाम्पू वापरला, ज्याच्या घटकांत डायसोडियम ईडीटीए होतं. ते कॅल्शियम धरून ठेवतं. शेवटी लिटरभर पाण्यात एक मोठा चमचा पांढरं व्हिनेगर घालून केसांवरून ओतलं, डोळे मिटून, आणि साध्या पाण्याने धुऊन टाकलं. फणी स्वच्छ राहायला तीन न्हाणी लागली. टाळू सोललेली असेल किंवा जखम असेल तर आंबट काही लावण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

बाटलीकडे मी कायमची परतले नाही, हेही सांगते. आता दुसऱ्या प्रकारची वडी वापरते. केस पूर्ण भिजवायचे, वडी तळहातावर चोळून फेस टाळूला लावायचा. लांब केसांवर वडी सरळ फिरवली तर गुंता होतो. वापरून झाली की जाळीच्या साबणदाणीत, शॉवरपासून लांब. पावसाळ्यात ती वाळतच नाही, म्हणून मी सुरीने तिचे चार तुकडे करते आणि एकच बाहेर ठेवते.

गेल्या महिन्यात भाचीला वाळूजला नोकरी लागली. सामान बांधताना फोनवर म्हणाली, “मावशी, माझ्या वड्या नेतेय बरोबर.” मी म्हटलं, “ने, पण डोक्याला लावायच्या आधी तिथल्या पाण्यात कीस टाकून मला फोटो पाठव.” रविवारी फोटो आला. खिडकीच्या कट्ट्यावर बाटली, आणि आतलं पाणी ताकासारखं पांढरं.