मांसल फुलझाडांचे छाट घरातील जलकुंडीत रुजविणे

यवतमाळ जिल्ह्यातील काळ्या जमिनीचा मोठा गुण म्हणजे ओल धरून ठेवणे. कपाशीला हा गुण उपकारक आहे. परंतु मांसल झाडांच्या छाटांना तोच घातक ठरतो. ड्रॅगन फ्रूटचा किंवा कलांचोचा ताजा छाट पावसाळ्यात अशा जमिनीत खोवला, की थोड्याच दिवसांत त्याचे बूड मऊ पडून कुजते आणि विकत आणलेल्या बेण्याचा खर्च वाया जातो. हे नुकसान टाळण्याचा एक सोपा मार्ग म्हणजे घरातील जलकुंडी.

पाण्याने कुजणारा छाट पाण्यावरच कसा रुजेल, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. छाट केवळ पाण्याने कुजत नाही. उघडी जखम, साचलेली ओल आणि हवेचा अभाव या तिन्हींच्या संयोगाने कुजतो. मुळांना श्वसनासाठी प्राणवायू लागतो. चिकण मातीतील पोकळ्या पाण्याने भरल्या, की तो मिळत नाही. जलकुंडीत पाणी आणि हवा यांचे प्रमाण आपल्या हाती राहते.

मांसल झाडांचा स्वभाव

गुलाबाच्या छाटाची पाने दिवसा पाणी बाहेर टाकतात, म्हणून त्याला लवकर ओल द्यावी लागते. कलांचो, ड्रॅगन फ्रूट यांसारखी झाडे पानांची किंवा खोडाची रंध्रे मुख्यतः रात्री उघडतात आणि अंगात पाणी साठवितात. त्यामुळे त्यांचा छाट काही दिवस कोरडा ठेवला तरी मरत नाही. उलट त्या अवधीत जखमेवर किण धरते व रोगजंतूंची वाट बंद होते. छाट सुकविणे हे या पद्धतीतील सर्वांत महत्त्वाचे काम होय.

जलकुंडीची रचना

१० लिटरची अपारदर्शक, झाकणाची बादली घ्यावी. पारदर्शक भांड्यात शेवाळ माजते. झाकणाला भोके पाडून त्यांत जाळीच्या पेल्या बसवाव्यात आणि त्यांत धुतलेले विटांचे ५ ते १० मि.मी. आकाराचे तुकडे भरावेत. पाण्याची पातळी पेलीच्या बुडाला जेमतेम टेकेल एवढीच ठेवावी. विटेचे तुकडे ओल वर ओढतात. छाटाचे टोक पाण्यापासून २ ते ३ सें.मी. वर राहते. माशांच्या टाकीत वापरतात तसा लहान हवेचा पंप असल्यास उत्तम. नसल्यास दर ३-४ दिवसांनी पाणी बदलावे. पावसाचे साठविलेले स्वच्छ पाणी सर्वांत चांगले, कारण अनेक विहिरींचे पाणी क्षारयुक्त असते.

छाट घेणे व लावणे

छाट निरोगी, फुले नसलेल्या फांदीचा घ्यावा. कलांचोचा ७ ते १० सें.मी. व ड्रॅगन फ्रूटचा २० ते ३० सें.मी. लांबीचा छाट पुरेसा होतो. चाकू स्पिरिटने पुसून घ्यावा. ड्रॅगन फ्रूटच्या छाटाच्या खालच्या टोकाला खूण करावी; उलटा लावू नये. कलांचोचे छाट १ ते २ दिवस आणि ड्रॅगन फ्रूटचे ५ ते ७ दिवस हवेशीर सावलीत सुकवावेत. मगच विटांच्या तुकड्यांत उभे करावेत व उंच छाटांना काडीचा आधार द्यावा.

निगा

कुंडी उजेडाच्या खिडकीजवळ, पण दुपारचे ऊन लागणार नाही अशी ठेवावी. पाणी तापले, की त्यातील विरघळलेला प्राणवायू घटतो: २० अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३५ अंशाला सुमारे ७. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत हे काम टाळावे. फेब्रुवारी-मार्च किंवा पावसाळा सरल्यावरचा काळ निवडावा. साधारणतः २ ते ४ आठवड्यांत मुळे फुटतात. तोवर खत देऊ नये. मुळे २ ते ३ सें.मी. झाल्यावर पाण्याची पातळी थोडी उतरवावी, म्हणजे वरची मुळे हवेत राहतील. मग लिटरला अर्धा ग्रॅम १९:१९:१९ विद्राव्य खत द्यावे. बूड मऊ झालेला छाट तत्काळ काढावा. वरचा निरोगी भाग पुन्हा कापून, सुकवून वापरता येतो.

स्थलांतर

पाण्यातील मुळे नाजूक असतात. रोपे प्रथम वाळू व कुजलेले शेणखत मिसळलेल्या पिशवीत लावावीत, आठवडाभर बेताची ओल ठेवून नंतर पाणी कमी करावे. शेतात ड्रॅगन फ्रूट उंच गादीवाफ्यावरच लावावे. काळ्या जमिनीत निचऱ्याची सोय नसेल, तर घरात वाचविलेले रोप शेतात गमवावे लागते.

दोन दक्षता

कलांचो गुरे व शेळ्यांना विषारी आहे. त्याचे तुकडे उकिरड्यावर किंवा गोठ्याजवळ टाकू नयेत, पुरून टाकावेत. तसेच उघड्या पाण्यात डेंग्यूचे डास अंडी घालतात. बादलीचे झाकण घट्ट असावे आणि रिकाम्या पेल्यांची भोके बंद करावीत.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रथम दहा छाट जलकुंडीत व दहा वाळूच्या वाफ्यात लावून दाखवावेत, लावल्याची तारीख व रुजलेली संख्या वहीत नोंदवावी. वाळूतही छाट तितकेच रुजले, तर शेतकऱ्याने बादलीचा खर्च करू नये. न सुकविता लावलेला एक छाटही शेजारी ठेवावा. तो कुजल्याचे शेतकऱ्यांनी डोळ्यांनी पाहिले, की पुढे फार सांगावे लागत नाही.