चवदार तळ्याचे पाणी

जालना जिल्ह्यातील अंकुशनगरच्या मुलांना पाण्याचे मोल कोणी समजावून सांगावे लागत नाही. चैत्र-वैशाखात मराठवाड्यातील विहिरी तळ गाठू लागतात आणि घागरभर पाण्यासाठी माणसांना दूरवर पायपीट करावी लागते. परंतु आभाळाने पाणी न देणे निराळे, आणि काठोकाठ भरलेल्या तळ्यापाशी माणसानेच माणसाला तहानलेले ठेवणे निराळे. कोकणातील महाड या गावी हे दुसरे दुःख अनेक पिढ्यांनी सोसले.

महाड हे सावित्री नदीच्या काठचे जुने व्यापारी गाव. रायगड किल्ला तेथून जवळच आहे. या गावात चवदार तळे म्हणून एक मोठे तळे आहे. त्या काळी तेथे सवर्ण हिंदू पाणी भरीत, मुसलमान आणि ख्रिस्ती भरीत. गुरेढोरेही पाणी पिऊन जात. मात्र ज्यांना अस्पृश्य म्हणून दूर ठेवले होते, त्यांनी त्या पाण्याला हात लावावयाचा नाही, असा दंडक होता. आसपासच्या खेड्यांतून ही माणसे बाजाराला येत, उन्हातान्हात ओझी वाहत, आणि तळे डोळ्यांना दिसत असूनही कोरड्या घशाने घरी परतत.

याच परिसरात 1903 साली रामचंद्र बाबाजी मोरे यांचा जन्म झाला. रामचंद्र हुशार होता. लहान वयातच त्याने शिष्यवृत्ती मिळवली आणि पुढील शिक्षणासाठी तो महाडच्या इंग्रजी शाळेत गेला. तो अस्पृश्य जातीचा म्हणून त्याला प्रवेश नाकारण्यात आला. दहा-अकरा वर्षांचे दुसरे एखादे पोर रडत घरी गेले असते. रामचंद्राने वर्तमानपत्राला पत्र लिहिले. ते पत्र छापून आले, चर्चा झाली, आणि शाळेला त्याला घ्यावे लागले. तथापि त्याला बसावयास जागा मिळाली ती वर्गाबाहेर! आत चाललेला पाठ बाहेरून ऐकत तो शिकला.

मोठेपणी रामचंद्र मोरे यांनी आपल्या भागातील तरुणांना एकत्र केले. बाजाराला येणाऱ्या अस्पृश्यांना निदान घोटभर पाणी मिळावे, म्हणून महाडात एक चहाचे दुकान निघावे अशी खटपट त्यांनी केली. त्या दुकानात पाण्याबरोबर बातम्याही मिळत. खेडोपाडीची माणसे तेथे आपली गाऱ्हाणी सांगत, आणि त्यांतूनच पुढील कार्याची बोलणी होत.

दरम्यान कागदावर एक मोठी गोष्ट घडली होती. सीताराम केशव बोले यांनी 4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबईच्या कायदेमंडळात एक ठराव मांडला. सरकारी पैशाने बांधलेले वा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव होता. तो संमत झाला. 1924 साली महाडच्या नगरपालिकेनेही आपले तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. त्या वेळच्या कार्यात पुढाकार घेणारे सुरेंद्रनाथ टिपणीस हे सवर्ण समाजातील होते, हे येथे सांगितले पाहिजे. ठराव झाला, पण तीन वर्षे एकाही अस्पृश्याला त्या तळ्याचे पाणी भरता आले नाही. कागद दप्तरात राहिला आणि भीती मनात राहिली.

तेव्हा मोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाडला परिषद भरवण्याचे ठरवले व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना अध्यक्षपदासाठी पाचारण केले. गावोगाव सभा झाल्या. 19 आणि 20 मार्च 1927 हे दिवस नेमले गेले. पंधरा वर्षांच्या मुलांपासून सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्यांपर्यंत हजारो माणसे महाडला आली. कित्येक जण भाकरीची शिदोरी खांद्याला अडकवून दूरदूरच्या गावांहून पायी आले होते. आणि इतक्या जनसमुदायाची तहान भागवावयाची कशी? तळे जवळच होते. तरी परिषदेच्या चालकांना सवर्णांकडून चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले.

बाबासाहेबांनी अध्यक्षीय भाषणात स्वच्छतेविषयी, मुलांच्या शिक्षणाविषयी आणि स्वाभिमानाविषयी सांगितले. दुसऱ्या दिवशी समारोपाच्या वेळी अनंतराव चित्रे बोलावयास उभे राहिले. हेही सवर्ण समाजातील होते. नगरपालिकेने तळे खुले केले आहेच, तर आपण सर्वांनी आताच तेथे जाऊन पाणी प्यावे, असे त्यांनी सुचवले. मंडप क्षणभर स्तब्ध झाला असेल. मग मिरवणूक निघाली. अग्रभागी बाबासाहेब होते आणि मागे शिस्तीने चालणारे स्त्री-पुरुष. तळ्याच्या पायऱ्या उतरून बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतले व ते प्याले. मागोमाग सर्वांनी पाणी घेतले.

त्या पाण्याची किंमत लगेच द्यावी लागली. अस्पृश्य लोक आता वीरेश्वराच्या देवळातही शिरणार आहेत, अशी खोटी अफवा गावात पसरवण्यात आली. लाठ्या घेतलेला जमाव मंडपावर चालून आला. कित्येक जण जेवावयास बसले होते. त्यांचे अन्न मातीत मिसळले. घरी परतणाऱ्या बायकामुलांनाही मार बसला. अनेकांना मुसलमान कुटुंबांनी आपल्या घरांत आसरा दिला. परिषदेला आलेल्यांमध्ये पहिल्या महायुद्धात लढलेले सैनिकही होते. त्यांना उलट प्रहार करणे कठीण नव्हते. परंतु बाबासाहेबांनी त्यांना शांत राहण्यास सांगितले आणि त्यांनी ते ऐकले. हातात बळ असून हात आवरणे सोपे नसते.

पुढे जे झाले ते ऐकून आज नवल वाटेल. तळे बाटले असे म्हणून शेण, गोमूत्र, दूध व दही कालवलेल्या पाण्याच्या 108 घागरी त्यात ओतण्यात आल्या आणि तळे शुद्ध झाल्याचे जाहीर करण्यात आले. 4 ऑगस्ट 1927 रोजी नगरपालिकेने आपला ठरावही मागे घेतला. बोले यांच्या ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षे झाली होती!

डिसेंबरात पुन्हा महाडला जमण्याचे ठरले. या वेळी परिषदेला जागा मिळेना. तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जमीन दिली. विरोधकांनी न्यायालयातून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. 25 डिसेंबर 1927 रोजी, माणसांत उच्चनीच भेद शिकवणाऱ्या मनुस्मृतीचे दहन करण्यात आले. तो ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे हे जन्माने ब्राह्मण होते. हजारो सत्याग्रही तळ्यावर जाण्यास सिद्ध होते. तथापि न्यायालयाचा मान राखून बाबासाहेबांनी त्यांना थांबवले. लोकांनी तळ्याभोवती मिरवणूक काढली, पण पाण्याला हात लावला नाही.

न्यायालयातील झगडा दहा वर्षे चालला. अखेर 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निर्णय दिला. अस्पृश्यांना दूर ठेवण्याची चाल अनादी काळापासून चालत आलेली आहे, हे विरोधकांना सिद्ध करता आले नाही. तळे नगरपालिकेचे, म्हणजे सर्वांचे ठरले. पुढे बाबासाहेब संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. 26 जानेवारी 1950 पासून अमलात आलेल्या या संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात विहिरी आणि तलाव यांचा स्पष्ट उल्लेख आहे. धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून कोणालाही तेथून हटकता येत नाही.

या अनुच्छेदात वंश आणि जात हे दोन निराळे शब्द आहेत. जातिभेद म्हणजे वंशभेद नव्हे, असे बाबासाहेबांचे मत होते. परंतु दोन्हींची वेदना सारखी असते, हे त्यांनी जाणले होते. तरुणपणी ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले होते. 1946 साली त्यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिले. अमेरिकेतील कृष्णवर्णीय आपले गाऱ्हाणे संयुक्त राष्ट्रसंघापुढे मांडणार होते, त्या अर्जाची प्रत त्यांना हवी होती. डु बॉइस यांनी त्या पत्राला सहानुभूतीचे उत्तर पाठवले.

त्याच अमेरिकेत, ग्रीन्सबरो नावाच्या शहरात, 1 फेब्रुवारी 1960 रोजी चार कृष्णवर्णीय विद्यार्थी वुलवर्थ नावाच्या दुकानात गेले. त्यांनी काही किरकोळ वस्तू विकत घेतल्या. दुकानदाराने त्यांचे पैसे घेतले. मग ते त्याच दुकानातील उपाहारगृहात बसले व त्यांनी कॉफी मागितली. ती जागा गोऱ्यांसाठी राखीव होती; कॉफी मिळाली नाही. चौघेही दुकान बंद होईपर्यंत तेथेच शांतपणे बसून राहिले. दुसऱ्या दिवशी आणखी विद्यार्थी आले, तिसऱ्या दिवशी त्याहून अधिक. लवकरच काही गोऱ्या विद्यार्थिनीही त्यांच्या शेजारी येऊन बसल्या. महाडला टिपणीस, चित्रे, सहस्रबुद्धे आणि फत्तेखान यांनी केले, तेच या मुलींनी केले. जुलै महिन्यात त्या दुकानाने आपला नियम सोडला.

त्याच वर्षी 21 मार्च रोजी दक्षिण आफ्रिकेतील शार्पविल येथे कृष्णवर्णीय लोक निदर्शने करीत होते. कोठेही जावयाचे तर त्यांना परवानापत्र जवळ बाळगावे लागे. त्या कायद्याविरुद्ध ती निदर्शने होती. पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या आणि अनेक जण प्राणास मुकले. त्यांच्या स्मरणार्थ संयुक्त राष्ट्रसंघाने 1966 साली 21 मार्च हा वंशभेद निर्मूलनाचा आंतरराष्ट्रीय दिवस म्हणून ठरवला.

त्याच्या आदल्या दिवशी, 20 मार्चला, दरवर्षी महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून माणसे महाडला येतात. आईबापांचे बोट धरून लहान मुलेही येतात आणि चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरतात.