दोनशे डॉलरचं पिस्तूल आणि आजन्म वॉरंटी

मिनू, पिस्तूल घ्यावं की नाही यावर आपण पुष्कळ बोललो. गावाबाहेरचं घर, अमोलरावांची महिन्यातले पंधरा दिवस टूर, पदरात चार वर्षांची ईशा, हे सगळं मला ठाऊक आहे. तू ठरवलंयस, तेव्हा तो विषय मी पुन्हा काढत नाही. पण काल म्हणालीस, "ताई, दोनशे डॉलरला मिळतंय, वर आजन्म वॉरंटी आहे, मग जास्त पैसे कशाला घालू?" त्यावर मात्र मला बोलायचंय.

दोनशे डॉलरचा मोह तुला का पडतो, ते मला कळतं. आपल्याकडे कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ साली बायकांसाठी म्हणून 'निर्भीक' रिव्हॉल्व्हर काढली, तिचीच किंमत सव्वा लाखाच्या आसपास होती. वर परवान्यासाठी पोलीस ठाण्याचे खेटे. इथे ओहायोत फॉर्म भरला, तपासणी झाली, की एखाद्या बऱ्या मिक्सरच्या भावात पिस्तूल हातात पडतं. पण मिक्सर बंद पडला तर चटणी उद्या वाटता येते. ज्या रात्रीसाठी तू ही वस्तू घेते आहेस, त्या रात्री कंपनीचा टोल-फ्री नंबर काय कामाचा?

भरवशाची चौकशी करताना लोक एकच विचारतात: चाप ओढला की गोळी सुटेल ना? तू दुसरंही विचार. चाप ओढला नाही तर गोळी सुटणार नाही ना? ईशा घरात असताना मला या दुसऱ्या प्रश्नाची काळजी पहिल्यापेक्षा जास्त आहे, आणि वॉरंटीच्या कागदावर त्याचं उत्तर कधी नसतं.

तुला दुकानदाराने दाखवलं ते हाय-पॉइंटचं सी-९. ते आपल्या ओहायोतलंच, मॅन्सफील्डचं. क्लीव्हलंडला जाताना वाटेत लागतं ते गाव. दिसायला ओबडधोबड आणि हाताला जड म्हणून लोक त्याची टर उडवतात. मला ती टर पटत नाही, कारण ते स्वस्त का आहे याचं कारण सरळ आहे. बहुतेक नाइन एमएम पिस्तुलांत गोळी सुटताना नळी आणि वरची स्लाइड एकमेकींत अडकलेल्या असतात आणि दाब उतरला की मोकळ्या होतात. हाय-पॉइंटमध्ये ही अडकवणूक ठेवलेलीच नाही. सगळा धक्का स्लाइडच्या वजनावर आणि स्प्रिंगवर पेलायचा. म्हणून स्लाइड जाडजूड हवी, आणि ती पोलादातून कातून काढण्याऐवजी जस्ताच्या मिश्रधातूची साच्यात ओततात. नळी मात्र पोलादीच. कातकाम वाचलं, भाग कमी झाले, किंमत उतरली. यात फसवणूक काही नाही. त्याची किंमत तू वेगळ्या तऱ्हेने मोजतेस: रिकामं पिस्तूलच आठशे ग्रॅमच्या वर जातं, आणि साफ करायला उघडायचं तर हातोडी आणि पंच घेऊन एक पिन ठोकून काढावी लागते. शिकागोला सुनंदाकडे गेलीस तर तिथल्या दुकानात ते दिसणारही नाही. जस्ताचा हा मिश्रधातू ३८५ अंश सेल्सियसच्या आसपास वितळतो, आणि ८०० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सव्वाचारशे सेल्सियसच्या आत वितळणाऱ्या ओतीव भागांची पिस्तुलं विकायला इलिनॉयमधल्या दुकानदारांना बंदी आहे.

आणि हाय-पॉइंटची वॉरंटी खरोखरच दिलदार आहे, हे मी मोकळेपणाने सांगते. आजन्म, आणि ती पिस्तुलाला असते, माणसाला नाही. तू पहिली मालकीण आहेस की तिसरी, पावती जपलीस की हरवलीस, विचारत नाहीत. कित्येक महागड्या कंपन्याही इतकं देत नाहीत.

पण असं स्वस्तातलं पिस्तूल तुझ्या हातात कसं चालतं, ते रेंजवर गेल्याशिवाय कळायचं नाही. मी एक भाड्याने घेऊन चालवलं होतं. कंपनी कुठली ते राहू दे. स्लाइड मागे ओढायला मला अंगठा आणि दोन बोटं पुरली नाहीत, अख्खी मूठ लावावी लागली. मध्येच एक रिकामी पुंगळी बाहेर उडालीच नाही, स्लाइडच्या खिडकीत उभी अडकून राहिली. रेंजवरच्या बाईंनी पिस्तुलाला नाही, माझ्या मनगटाला बोट लावलं. मनगट सैल सोडलं की पिस्तूल हातासकट मागे जातं, आणि स्लाइडला पुरतं मागे यायला आधार मिळत नाही. मनगट ताठ धरलं आणि पुढच्या गोळ्या नीट सुटल्या. मॅगझिन बदललं तर वेगळाच त्रास: गोळीचं नाक नळीच्या तोंडाशी अडायला लागलं. त्या बाईंनी दोन्ही मॅगझिनं शेजारी धरून दाखवली. वरच्या तोंडाशी पत्र्याच्या दोन कडा आत वळलेल्या असतात; एकाच्या कडा केसभर जास्त फाकलेल्या होत्या, तेवढ्याने गोळी चुकीच्या कोनात वर येत होती. स्वस्त पिस्तुलाच्या तक्रारी पुष्कळदा इथून निघतात, मॅगझिनच्या त्या पत्र्यातून. म्हणून घेशील तेव्हा मॅगझिनं दोन-तीन घे, त्यांवर नंबर टाक, आणि कुठलं अडतं ते लक्षात ठेव.

कॅलिफोर्नियात एखादं पिस्तूल विक्रीच्या यादीत यायचं तर त्याच नमुन्याच्या तीन पिस्तुलांतून प्रत्येकी सहाशे गोळ्या झाडून बघतात, उंचावरून पाडूनही बघतात. ओहायोत अशी यादी नाही. तिथे सरकार करतं ते इथे तुला करायचंय. निदान दोनशे गोळ्या झाडल्याशिवाय ते घरातल्या पेटीत ठेवू नकोस, आणि शेवटच्या पन्नास तरी घरात ठेवणार असशील त्याच काडतुसांच्या झाड. हा खर्च पिस्तुलाच्या किमतीतच धर, म्हणजे दोनशेचा आकडा तुला दोनशे वाटणार नाही.

आता त्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते. १९६८ च्या इथल्या कायद्याने बाहेरून येणारी लहान, स्वस्त पिस्तुलं थांबली. ती जागा लॉस एंजेलिसच्या आसपासच्या कारखान्यांनी भरून काढली. सुरुवात जॉर्ज जेनिंग्ज यांच्या रेव्हनने झाली, मग त्यांच्या नात्यातल्या नि ओळखीतल्या माणसांनी आणखी कंपन्या काढल्या: ब्रायको, डेव्हिस, लॉर्सिन. गॅरन विंटम्यूट या डॉक्टरांनी १९९४ साली या सगळ्यांवर अभ्यास लिहिला, त्याला 'रिंग ऑफ फायर' नाव दिलं. त्याच वर्षी उत्तर कॅलिफोर्नियात एका घरात ब्रायकोचं पिस्तूल होतं. ओळखीतला एक तरुण ते रिकामं करायला गेला. त्या पिस्तुलाची रचना अशी की सेफ्टी लावलेली असली की स्लाइड हलायचीच नाही. म्हणजे आतली गोळी काढायची तर आधी सेफ्टी उघडायची. त्याने ती उघडली, आणि रिकामं करता करता गोळी सुटली. समोर सात वर्षांचा मुलगा होता. तो मानेखाली कायमचा लुळा झाला.

मिनू, तो तरुण बेफिकिरीने वागत नव्हता गं. तो पिस्तूल सुरक्षितच करायला गेला होता. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ईशा दिसली.

२००३ साली ज्यूरीने कंपनी आणि तिच्या मालकाकडच्या मंडळींवर अडीच कोटी डॉलरच्या जवळपास जबाबदारी टाकली. कंपनीने लगेच दिवाळखोरी जाहीर केली. पुढच्या वर्षी लिलाव झाला. त्या मुलाने लोकांकडून पैसे गोळा करून कारखानाच विकत घ्यायचा, म्हणजे ती पिस्तुलं पुन्हा बनणार नाहीत, असा प्रयत्न केला. पण ५ लाख १० हजार डॉलरला तो कारखान्यातल्याच एका जुन्या माणसाने घेतला आणि हिमेनेझ आर्म्स या नावाने काम पुन्हा सुरू झालं. २०२० मध्ये तीही कंपनी दिवाळखोरीत गेली. ही पिस्तुलं अजून जुन्या मालाच्या कपाटांत शंभर-सव्वाशेला दिसतात. त्यांना हातही लावू नकोस.

दुसरं उदाहरण ब्राझीलच्या टॉरसचं. आयोवातला एक पोलीस कुणाच्या तरी मागे धावत असताना त्याचं टॉरस पिस्तूल खाली पडलं आणि आपोआप सुटलं. तो २०१३ मध्ये कोर्टात गेला. तडजोड झाली तेव्हा तिच्यात नऊ मॉडेलं आली, नऊ लाखांहून जास्त पिस्तुलं. परत करणाऱ्याला दोनशे डॉलरपर्यंत देऊ केले. कंपनीने चूक कबूल केली नाही. पण इतक्या लाखांतली सगळी काही परत गेली नसतील. सेकंडहँड घेशील तर त्यावर पीटी-१११ मिलेनियम, पीटी-१४० किंवा २४/७ असं कोरलेलं आहे का, ते आधी वाच. टॉरस आता नवी बनवतं ती मॉडेलं वेगळी आहेत, त्यांना याच पंगतीत बसवत नाही मी. आणि महाग घेतलं की सुटलीस असंही समजू नकोस. अमेरिकन सैन्याने २०१७ साली निवडलेल्या सिग पी-३२० चं दुकानात मिळणारं पिस्तूल त्याच वर्षी पडल्यावर सुटताना आढळलं आणि कंपनीला त्याचे आतले भाग फुकट बदलून द्यायची तयारी दाखवावी लागली.

इथे एक गोष्ट आपल्या लोकांना सहसा माहीत नसते. इथला ग्राहक सुरक्षा आयोग टोस्टर परत मागवायला लावू शकतो, पाळणा परत मागवायला लावू शकतो. खेळण्यातलं पिस्तूलही त्याच्या कक्षेत येतं. खरं पिस्तूल येत नाही. ते कायद्यानेच वगळलंय. त्यामुळे माल सदोष निघाला तर तो परत बोलवायचा की नाही, हे कंपनी ठरवते, नाहीतर कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. रुगरने २००८ साली आपलं छोटं एलसीपी पिस्तूल पडल्यावर सुटू शकतं हे लक्षात येताच आपणहून परत मागवलं. मी कंपनी निवडताना हे बघते: अडचण आली तेव्हा ती कशी वागली. आणि मजा अशी की या रुगरच्या खोक्यात वॉरंटीचा कागदच नसतो. वॉरंटी लेखी दिली तर ती 'पूर्ण' की 'मर्यादित' हे कंपनीने लिहायला हवं असा १९७५ चा कायदा आहे. रुगर म्हणतं, आम्ही लेखी काही देत नाही. तरी दुरुस्तीच्या बाबतीत तिचं नाव चांगलं आहे. उलट रेमिंग्टन घे. शंभरावर वर्षांची कंपनी. २०१४ मध्ये तिचं आर-५१ पिस्तूल इतकं बिघडकं निघालं की सगळी परत घेऊन नवी द्यायची पाळी आली. २०२० मध्ये कंपनीच तुकड्यातुकड्यांत विकली गेली, आणि नव्या मालकांनी जुन्या मालाच्या वॉरंट्या घेतल्या नाहीत. आजन्म म्हणजे कुणाचा जन्म, हे दुकानदाराला विचारायला लाजू नकोस.

मग काय घेऊ, म्हणशील. पन्नास-शंभर डॉलर जास्त घालता आले तर रुगरचं एखादं साधं मॉडेल हातात धरून बघ; स्लाइड तुला सहज ओढता आली पाहिजे, ही माझी पहिली अट. नाहीच जमलं तर हाय-पॉइंट घे, माझी ना नाही. पण पेटीला कुलूप, आणि चावी ईशाच्या हाताला लागणार नाही अशी, हे दोन्हींत सारखंच. ते पैसे पिस्तुलाच्या आधी बाजूला काढ.

बिघडलंच तर दुकानात नेऊन टाकू नकोस. कंपनीला थेट फोन कर, काय होतं ते नीट सांग, आणि पाठवायचं लेबल त्यांच्याकडूनच मागून घे, कारण कुरिअरवाल्यांचे पिस्तुलाचे नियम फार कडक आहेत. येण्याजाण्याचा खर्च कोण करतं, ते तेव्हाच विचार. स्वस्त पिस्तुलात तोच कधी निम्म्या किमतीएवढा होतो. नळी रिकामी आहे हे डोळ्यांनी बघ, बोट घालूनही बघ. काडतूस एकही पाठवायचं नाही. अडणारं मॅगझिन मात्र सोबत पाठव, नाहीतर ते त्यांच्याच मॅगझिनने तपासतील आणि "काही दोष नाही" म्हणून परत करतील. दुरुस्त होऊन ते थेट तुझ्या दारात येऊ शकतं, पुन्हा फॉर्म भरायला लागत नाही.

आणखी एक, हे अमोलरावांनाही वाचून दाखव. तुम्हा दोघांचं ग्रीन कार्ड आलंय म्हणून तुम्हाला हे घेता येतं. तुझा धाकटा दीर विद्यार्थी व्हिसावर आहे. शिकारीच्या परवान्यासारखे थोडे अपवाद सोडले तर त्याने पिस्तूल बाळगणं हा केंद्राच्या कायद्याने गुन्हा आहे. रेंजवर "जरा धरून बघतो" म्हणून हातात घेणं, फोटो काढणं, काही नको. पेटीची चावी कुठे असते, तेही त्याला ठाऊक नसावं. मुलगा गुणी आहे, पण त्याचा व्हिसा यात अडकायला नको.

आणि डिसेंबरात पुण्याला जाणार आहेस ना? रेंजला नेलेली पर्स किंवा सॅक त्या प्रवासाला घेऊच नकोस. अस्तरात एक काडतूस राहिलं तरी मुंबई विमानतळावर शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो, मग ते चुकून राहिलं हे सांगत कोर्टाचे खेटे घालत बसावं लागतं. रेंजसाठी वेगळी पिशवी घे, आणि ती गाडीच्या डिकीतच राहू दे. शनिवारी दुकानात जाशील तेव्हा मॉडेलचं नाव आणि सिरीयल नंबर मला पाठव. कंपनीने ते कधी परत मागवलंय का, ते मी इथून बघून सांगते, तोवर पैसे देऊ नकोस.