सहा पेन्सचे फसवे नाणे

राणीछाप रुपया आपल्याकडील जुन्या घरांतून अजूनही जपून ठेवलेला आढळतो. त्यावर जिचा मुखवटा आहे, त्या व्हिक्टोरिया राणीने इंग्लंडवर १८३७ पासून १९०१ पर्यंत राज्य केले. तिच्या कारकिर्दीत तिकडे तीन, चार व सहा पेन्सची चांदीची चिमुकली नाणी चालत. ती जमविण्याचा छंद असणारे लोक १८८७ सालचे सहा पेन्सचे एक नाणे मोठ्या कौतुकाने दाखवितात.

त्या वर्षी राणीच्या राज्यारोहणास पन्नास वर्षे पूर्ण झाली. त्यानिमित्त सोन्याचांदीच्या नाण्यांवर जोसेफ एडगर बोएम या शिल्पकाराने घडविलेला नवा मुखवटा आला. त्यातील मुकुट इतका इवलासा आहे की, तो आता घसरून पडेल असे वाटावे! लोकांनी त्याची थट्टा केली. परंतु खरा घोटाळा नाण्याच्या मागील बाजूस होता. तेथे राजचिन्हांची ढाल कोरली गेली आणि 'सहा पेन्स' हे शब्द मात्र गाळले गेले.

आता, अर्धी सॉव्हरिन म्हणजे दहा शिलिंगांची सोन्याची मोहोर. तिचाही व्यास १९ मिलिमीटरच, मुखवटा तोच, मागे ढाल आणि किंमतीचा उल्लेख नाही. सहा पेन्सवरील ढालीभोवती एक पट्टा आहे, मोहोरेवर तो नाही. पण एवढे निरखून कोण पाहतो? भामट्यांनी चांदीच्या नाण्यावर सोन्याचा मुलामा चढविला व ते मोहोर म्हणून खपविले. बारा पेन्सचा एक शिलिंग. तेव्हा नाण्याची किंमत एकदम वीसपट झाली. अंधुक दिव्याखाली, गिऱ्हाइकांच्या गर्दीत असे नाणे ज्या दुकानदाराच्या हाती पडे, त्याचा माल तर जाईच, शिवाय मोड म्हणून खरे पैसेही तो पदरचे मोजून देई. काटा असता, तर लबाडी तत्काळ उघडी पडती; कारण मोहोर सुमारे ४ ग्रॅम भरते आणि सहा पेन्सचे नाणे ३ ग्रॅमही भरत नाही.

टाकसाळीने त्याच वर्षी हा छाप बंद केला आणि पानांच्या वेलीत 'सहा पेन्स' हे शब्द असलेला जुना छाप पुन्हा आणला.

मागे घेतलेले ते नाणे आज दुर्मिळ नाही. मुलामा दिलेल्या नाण्यास बाजारात किंमत कमी. तथापि निवड करावयाची झाली, तर मी तेच घेईन. ते घासूनपुसून चकचकीत करण्याचा मोह मात्र टाळावा. राणीच्या गालावरचे सोने झिजून खालची चांदी डोकावू लागलेली असते, आणि पाहण्यासारखे जे आहे ते नेमके तेथेच आहे.