एम.आर.आय.च्या बोगद्यात पंचवीस मिनिटं

हा लेख लिहायची वेळ माझ्यावर एका शेकरूमुळे आली. गेल्या पावसाळ्यात आम्ही हॉस्टेलचे सात जण भीमाशंकरला गेलो होतो. दर्शन झालं, भजी झाली, आणि मग गुप्त भीमाशंकरच्या वाटेला लागलो. झाडावर शेकरू दिसलं म्हणून मी वर बघत चाललो आणि पाय पडला शेवाळलेल्या दगडावर. गुडघ्यात ‘कट्’ असा आवाज आला. पुढचा रस्ता मित्रांच्या खांद्यावरून आणि तिथून मंचरपर्यंत एस.टी.च्या मागच्या सीटवर पाय लांब करून पार पडला.

एक्स-रे काढला, हाड शाबूत. मी खूश! पण पुण्याला दाखवलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, “हाड दिसलं, लिगामेंट कुठे दिसलंय? एम.आर.आय. करून घे.” झालं! रात्री रूमवर सल्ल्यांचा पाऊस. कोणी म्हणे, “त्यात रेडिएशन असतं”, कोणी म्हणे, “शवपेटीत घालतात रे.” मेसच्या काकांनी तर “उपाशी जायचं” म्हणून रात्रीचं जेवणही बंद करायला निघाले. यातलं एकही खरं निघालं नाही. म्हणून हा खटाटोप.

आधी थोडी थिअरी

आपल्या शरीरात पाणी आणि चरबी भरपूर, म्हणजेच हायड्रोजनही भरपूर. हायड्रोजनचं केंद्रक म्हणजे प्रोटॉन, आणि तो एखाद्या चिमुकल्या चुंबकासारखा वागतो. मोठ्या चुंबकात माणूस ठेवला की यातल्या काही प्रोटॉन्सचा कल चुंबकाच्या दिशेने होतो. मग ठरावीक फ्रिक्वेन्सीच्या रेडिओ लहरी सोडून त्यांना धक्का द्यायचा. धक्का थांबला की ते पूर्वपदावर येताना स्वतःच बारीकसा रेडिओ सिग्नल देतात. तोच पकडायचा. १.५ टेस्लाच्या मशिनसाठी ही फ्रिक्वेन्सी साधारण ६४ मेगाहर्ट्झ, म्हणजे एफ.एम. बँडच्या थोडी खाली. यात एक्स-रे कुठेच नाहीत.

वेगवेगळ्या पेशींमधले प्रोटॉन पूर्वपदावर यायला वेगवेगळा वेळ घेतात. त्या फरकातून चित्रातला काळा-पांढरा भेद येतो. धडधाकट लिगामेंट काळ्या पट्ट्यासारखं दिसतं. तुटलं की त्या काळ्यात पांढरी चीर दिसते.

आणि सिग्नल नेमका कुठून आला ते कसं कळतं? चुंबकीय क्षेत्र मुद्दाम जागेनुसार थोडं थोडं बदलतात, म्हणजे फ्रिक्वेन्सीही जागेनुसार बदलते. मग फूरिए ट्रान्सफॉर्म! हो, एम-थ्रीमध्ये आपण जो ‘ऑप्शनला’ टाकतो तोच. गंमत म्हणजे भीमाशंकरच्या शेजारच्याच जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळ खोडदला, जी.एम.आर.टी. ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. दोन-दोन डिशच्या ४३५ जोड्या होतात. प्रत्येक जोडी आकाशाच्या फूरिए रूपाचा एक-एक तुकडा मोजते आणि नंतर गणिताने त्यांचं चित्र बनतं. खोडदला आकाश, इथे माझा गुडघा. गणित जवळजवळ तेच. दोन्ही सिग्नल इतके क्षीण की बाहेरच्या गोंगाटापासून त्यांना जपावं लागतं. म्हणून ती दुर्बीण शहरापासून लांब बांधली आणि एम.आर.आय.ची खोली धातूच्या पत्र्याने आतून मढवतात.

फॉर्म भरताना खोटं बोलू नका

सेंटरवर पहिल्यांदा एक लांबलचक फॉर्म देतात. पेसमेकर आहे का, कानात किंवा मेंदूत काही बसवलंय का, ऑपरेशनमध्ये धातू राहिलाय का, किडनीचा त्रास आहे का, स्त्रियांसाठी गरोदरपणाबद्दल. मी परीक्षेतल्या ऑब्जेक्टिव्हसारखा धडाधड ‘नाही’वर टिका मारत सुटलो. एका प्रश्नाशी पेन अडकलं: “डोळ्यात कधी धातूचा कण गेला होता का?”

गेला होता. फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये ग्राइंडरवर गॉगल न घालता जॉब घासत होतो. डोळा दोन दिवस लाल होता, मग बरा झाला. घरी सांगितलं नव्हतं, सरांनाही नाही. आता हे लिहिलं तर अपॉइंटमेंट जाणार, वर पैसे जाणार. मी ‘नाही’वर टिक मारली. फॉर्म परत द्यायला गेलो तेव्हा टेक्निशियन ताईंनी सहज विचारलं, “इंजिनिअरिंगला ना दादा तुम्ही? वर्कशॉप असेल मग.” मी कबूल केलं. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “लोखंडाचा कण आत राहिला असेल तर चुंबकात तो हलतो. डोळा जाऊ शकतो.” आधी डोळ्यांचा एक्स-रे काढला, तो स्वच्छ निघाला, मग तासाभराने माझा नंबर लागला. तो तास मी आयुष्यात विसरणार नाही. वर्कशॉपमध्ये गॉगल का घालायचा हे मला तीन वर्षांनी, वर्कशॉपच्या बाहेर कळलं.

चुंबक कधीच बंद नसतो

घड्याळ, बेल्ट, पाकीट, मोबाईल, आय-कार्डची क्लिप, करदोटा, ताईत, सगळं बाहेर काढायला लावतात. कपडेही त्यांचेच. माझा रूममेट व्हीलचेअर ढकलत थेट आत घुसायला निघाला, तेव्हा वॉर्डबॉय काकांनी दारातच अडवलं. “मशीन तर बंद आहे ना काका?” “मशीन बंद, चुंबक चालूच!” या चुंबकाची वेटोळी द्रवरूप हेलियममध्ये, उणे २६९ अंश सेल्सिअसला असतात. तिथे रोध शून्य, त्यामुळे वीजप्रवाह एकदा सोडला की फिरतच राहतो, रात्रंदिवस. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या तीस हजारपटींहून जास्त ताकद!

ही थट्टा नव्हे. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात नातेवाइकासोबत आलेला ३२ वर्षांचा एक तरुण ऑक्सिजनचं सिलिंडर घेऊन एम.आर.आय.च्या खोलीत गेला. सिलिंडरसकट तो मशिनकडे खेचला गेला आणि त्याचा जीव गेला. मशीन बंद असल्याचं त्याला सांगितलं होतं, असं नातेवाइकांनी तेव्हा म्हटलं होतं. तेव्हा सोबत जाणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवा.

प्रत्यक्ष आत

गुडघ्याचा स्कॅन असल्याने मला पायाकडून आत सरकवलं, डोकं जवळजवळ बाहेरच. गुडघ्याभोवती पिंजऱ्यासारखी कॉइल बसवली, कानात बोळे आणि वर हेडफोन, हातात एक रबरी फुगा. घाबरलात तर दाबायचा, ताई लगेच बोलतात. मग आवाज सुरू. आधी ठक्-ठक्, मग ड्रिल मशीन, मग गणपतीतला ताशा. क्षेत्र बदलणाऱ्या कॉइलमधून प्रवाह झटक्याझटक्याने बदलतो, मोठ्या चुंबकात त्या कॉइलवर बल येतं आणि ती थरथरते. लाऊडस्पीकरचंच तत्त्व. काही बिघडलेलं नसतं. अंग थोडं गरम वाटलं, दुखलं काहीच नाही.

अवघड एकच गोष्ट, न हलणं. हललात की चित्र पुसट येतं आणि तो भाग पुन्हा करावा लागतो. पंचवीस मिनिटांत नाक किती खाजू शकतं हे तिथेच कळतं!

जाणाऱ्यांसाठी थोडक्यात

१. गुडघ्यासारख्या साध्या स्कॅनला बहुधा उपाशी राहावं लागत नाही, पण सेंटरला विचारून घ्या.
२. शिरेतून औषध द्यायचं असेल तर किडनीचा त्रास, अॅलर्जी आधी सांगा.
३. बंद जागेची भीती वाटत असेल तर लाजू नका, सांगा. आत जायच्या आधीच डोळे मिटून घ्या.
४. जुने एक्स-रे आणि फाइल सोबत न्या.
५. फॉर्ममध्ये खरं तेच लिहा.

माझं लिगामेंट अर्धवट फाटलं होतं. ऑपरेशन टळलं, व्यायामावर भागलं. आता चालतो नीट. शेकरू अजूनही बघायचंय, पण या वेळी उभं राहून. आणि वर्कशॉपमध्ये गॉगल घातल्याशिवाय ग्राइंडरला हात लावत नाही. ज्युनिअर्सनो, तुम्हीही लावू नका.