‘रोमिओ आणि ज्युलिएट’ : मृत्यूची पूर्वसूचना

शोकान्त नाटकांत मृत्यु अकस्मात् येत नाहीं. त्याचीं पावलें आधींपासून ऐकूं येतात. शेक्सपिअरनें १५९५ च्या सुमारास लिहिलेलें हें नाटक याचें उत्तम उदाहरण होय. नायक-नायिका मरणार, हें नांदीवजा प्रास्ताविकांतच सांगितलेलें आहे. मग उत्सुकता ती कसली? ‘काय होणार’ याची नव्हे, तर ‘कसें होणार’ याची.

पहिल्या अंकांत मेजवानीस निघतांना रोमिओच्या मनांत अकालमृत्यूची शंका येते. दुसऱ्या अंकांत लॉरेन्स हा साधु एका फुलांतच विष व औषध दोन्ही असल्याचें सांगतो. पुढें त्याचेंच औषध ज्युलिएटला मृतवत् निजवितें, आणि खरें विष रोमिओ पितो. तिसऱ्या अंकांत मर्क्युशिओ मरतांना दोन्ही घराण्यांस शाप देतो. तेथून विनोद मावळतो. निरोपाच्या वेळीं खालीं उभा असलेला रोमिओ ज्युलिएटला थडग्यांतील प्रेतासारखा भासतो. शेवटीं ती त्याला तसाच पाहते.

परंतु हा केवळ दैवाचा खेळ समजूं नये. साथीच्या भयानें साधूचें पत्र अडलें, हें दैव खरें. पण घराण्यांचें वैर, टिबाल्टचा क्रोध आणि रोमिओची घाई हीं माणसांचींच कृत्यें होत. तो थोडा थांबता, तर ज्युलिएट जागी झालेली त्यास दिसती. मुलें गेल्यावरच वडीलधाऱ्यांनीं समेट केला! विद्यार्थ्यांनीं दुसऱ्या वाचनांत अशा सूचनांखालीं खुणा कराव्या, म्हणजे शोकाचें मूळ कोठें आहे, तें त्यांस आपोआप उमगेल.