सही करण्याआधी वाडा वाच

बाळ, वाड्याच्या कागदावर सही मागायला माणसं येतील. आधी गोडीत येतील, मग घाईत. त्यांना एकच उत्तर द्यायचं: "आधी वाडा पाहते, मग बोलू." तुझ्या पणजोबांनी हे माझ्या वडिलांना सांगितलं, त्यांनी मला. आता तुझा हिस्सा निघतोय, म्हणून तुला सांगतो. वाडा लाकडातही वाचायचा असतो आणि कागदातही, आणि दोन्हींचा मेळ बसल्याशिवाय बोट पुढे करायचं नाही.

लाकडापासून सुरुवात कर. पुण्याचा वाडा भिंतींवर नव्हे, सांगाड्यावर उभा असतो. दगडी जोतं, जोत्यावर तळखडे, तळखड्यांवर खांब, त्यावर तुळया, तुळयांवर कडीपाट. मधल्या भिंती म्हणजे बहुतेक विटामातीचा भराव. शनिवारवाड्यात जाऊन बघ. १८२८ च्या आगीत आतलं सगळं लाकूड गेलं आणि मागे तट, जोती नि हौद तेवढे राहिले. म्हणून गिलावा फुगला, वीट सुटली, तर दुरुस्ती होते. खांब कलला की मात्र त्याच दिवशी टेकू लाव. आणि कडीपाटावरून गेलेली जुनी वायर सगळ्यात आधी बदलून घे.

खांबाचं दुखणं पायाशी असतं. मागच्या पिढीत हौसेनं फरशा बसवल्या, जमीन चार बोटं वर आली आणि तळखडे खाली गाडले गेले. तळखडा असतो तो लाकडाला ओलीपासून उचलून धरायला. तो फरशीखाली गेला की खांबाचा पाय ओल पितो, वरून मात्र रंग छान दिसतो. खांबाभोवतीच्या फरशा उचलून बघायला लाव. मग तुळईचं टोक, भिंतीत शिरतं तिथलं. आमचे सुतारबाबा तिथे दाभण टोचायचे. निरोगी सागवानात तो जेमतेम टेकतो, कुजलेल्यात सुळकन आत जातो. मुठीनं ठोकलं तर चांगलं लाकूड ठणठणतं, पोखरलेलं बद्द वाजतं. ही तपासणी भाद्रपदात कर, ओल तेव्हा लपत नाही. आणि जुन्या भिंतीला सिमेंटचा गिलावा कुणी सुचवला तर ठाम नाही म्हण. त्यानं ओल आत कोंडते आणि ती लाकडाकडे वळते. चुन्याचं काम करणारा गवंडी शोधावा लागेल, पण मिळतो.

आता चौकात उभी राहून खण मोज. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण, आणि जुनी घरं याच मापानं बांधली. समोरासमोरच्या बाजू बहुधा सारख्या असतात. एका बाजूला खण कमी भरले, एखादा खांब भिंतीत अर्धा गडप दिसला, कोपऱ्यात मागाहून घातलेला जिना असला, तर समज, तिथे भावाभावांची वाटणी झाली आहे. ती जागा लिहून ठेव आणि वाटणीपत्रात शोध. दिंडी दरवाजा, चौक, आड आणि जिना सामाईक की कुणा एकाचे, हे त्यातच कळतं. पुण्यात निम्मी भांडणं जिन्यावरून होतात, असं माझं मत आहे.

वाड्याच्या नावावर जाऊ नकोस. नारायण पेठेतला गायकवाड वाडा लोकमान्य टिळकांनी १९०५ मध्ये सयाजीराव गायकवाडांकडून विकत घेतला, तरी जुनं नाव लोकांच्या तोंडी राहिलं. विश्रामबागवाडा बांधला दुसऱ्या बाजीरावांनी, पुढे तिथे संस्कृत पाठशाळा भरली, १८७९ च्या आगीत त्याचा भाग जळाला, आणि आज तो महापालिकेकडे आहे. पाटीवर आपलं आडनाव आहे म्हणून मालकी सिद्ध होत नाही. घरपट्टीच्या पावतीनंही होत नाही.

"कागद पानशेतच्या पुरात गेले" हे वाक्य तुला ऐकवलं जाईलच. १२ जुलै १९६१ ला नदीकाठच्या पेठांत खरंच वाडे बसले, कपाटं वाहून गेली. पण त्यामुळे शोध थांबत नाही. सिटी सर्व्हे कार्यालयातून मिळकत पत्रिका घे आणि तिच्यावरचे जुने फेरफार खालून वर वाच. नोंदणीकृत खरेदीखत, गहाणखत आणि हक्कसोडपत्राच्या नकला निबंधकाकडे मागता येतात. त्याहून मागचे कागद मोडीत असतील, ते जाणकाराकडून वाचून घे. भारत इतिहास संशोधक मंडळ आणि पेशवे दफ्तर दोन्ही आपल्या गावातच आहेत. आणि नीट लक्षात ठेव: हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत मुलींचा हक्क मुलांइतकाच झाला. आत्यांच्या आणि चुलत बहिणींच्या सह्या 'नंतर बघू' म्हणत टाळणाऱ्याशी व्यवहार करू नकोस.

भाडेकरूंना विसरलीस तर सगळं अडेल. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यापासून भाडी जिथल्या तिथे थांबली, मालकाच्या हातात दुरुस्तीपुरतेही पैसे येईनात, आणि वाडे खचत गेले. वाडा पडू द्यावा म्हणजे भाडेकरू आपोआप जातील, असा सल्ला कुणी देईल. तो ऐकू नकोस. घर पडल्यानं भाडेकरूचा हक्क संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये सांगितलं आहे, आणि त्याआधी असा सल्ला माणुसकीलाही धरून नाही. भिडे वाड्याचं बघ. १८४८ साली फुले दांपत्यानं जिथे मुलींची शाळा काढली, ती वास्तू दुकानदार-भाडेकरूंच्या वादात वर्षानुवर्षं अडकली. निकाल लागला तोवर ती इतकी खचली होती की डिसेंबर २०२३ मध्ये पाडावी लागली. वेळेवर सगळ्यांना एकत्र बसवलं असतं तर तिचं काही तरी वाचलं असतं, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून या आठवड्यात मिळकत पत्रिकेची ताजी नक्कल काढ. वाडा महापालिकेच्या वारसा यादीत आहे का तेही विचार. मग बहिणींना आणि भाडेकरूंना एकाच दिवशी चौकात बोलाव, आणि नक्कल सगळ्यांसमोर मोठ्यानं वाच.